काका, फक्त कंबर

नमस्कार. मागे ऐकू येतंय ना? ज्यांना येत नाहीये त्यांनी हात वर करा. बघा, दोघांनी केला, म्हणजे येतंय.

विषय कार्डावर छापलाय, 'हिप-हॉप संगीत आणि त्याचा फॅशन, कला व तरुणाईवर झालेला परिणाम'. बाहेरच्या फळ्यावर मात्र कुणीतरी खडूने 'हिप-हाफ' लिहिलंय. ते पुसू नका प्लीज. मी शिंप्याचा मुलगा आहे, आमच्या वहीत हिप म्हणजे माप आणि हाफ म्हणजे बाही, त्यामुळे मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. पुढच्या दोन रांगांत सगळे ज्येष्ठ बसलेत, मागे पाच-सहा पोरं आहेत, त्यातल्या दोघांनी मे महिन्यात, या पंख्याखाली, हुडी घातलीय. श्रद्धा म्हणतात ती हीच.

मघाशी चहा घेताना एका काकांनी मला विचारलं, रॅप, म्हणजे हिप-हॉपमधलं ते ठेक्यावर बोलणं, म्हणजे आपला पोवाडाच की हो? हे मला दर व्याख्यानात कुणीतरी विचारतं, आणि मी ठरवून आलोय की आज त्यात शिरायचं नाही. म्हणजे कलगी-तुरा होताच, एक फड शक्तीची बाजू घेणार, दुसरा शिवाची, रात्रभर सवाल-जवाब, समोरच्याला उत्तर सुचलं नाही तर त्याची अब्रू गेली, याला आजची पोरं बॅटल म्हणतात. आणि रॅपर गाण्यात स्वतःचं नाव घालतो म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी आपल्या अभंगांच्या शेवटच्या ओळी आठवाव्यात. पण शिरायचं नाही म्हणालो ना. तो वेगळा विषय आहे, बोलावलंत तर येईन, मानधन हेच चालेल.

मला आज एकच सांगायचंय, की हा कार्डावरचा विषय उलटा आहे. आधी संगीत आलं आणि मग त्याचा कपड्यांवर परिणाम झाला, असं नाही झालं. कपडे आधी.

तारीख सांगतो, ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कचं ब्रॉन्क्स, १५२० सेजविक अव्हेन्यू या बिल्डिंगचा खालचा हॉल. म्हणजे आपल्या सोसायटीत सत्यनारायणाला वापरतात तसला हॉल. सिंडी कॅम्पबेल नावाची एक मुलगी, शाळा सुरू होणार होती आणि तिला नवे कपडे घ्यायचे होते. पैसे कुठून आणणार? मग तिने हॉल भाड्याने घेऊन पार्टी ठेवली, मुलींना तिकीट २५ सेंट, मुलांना ५०, हातानेच कार्डं लिहिली, आणि गाणी लावायला बसवलं सख्ख्या भावाला. भाऊ क्लाइव्ह, जमैकाहून आलेला, त्यालाच पुढे जग डीजे कूल हर्क म्हणायला लागलं. हिप-हॉपचा जन्म म्हणून ज्या रात्रीचा वाढदिवस सगळं जग साजरं करतं ती रात्र एका पोरीला शाळेत बरे कपडे घालून जायचं होतं म्हणून झाली. भावाचं नाव सगळ्यांना माहीत, बहिणीचं किती जणांना? मागची हुडी, तुला माहीत होतं? नव्हतं. बरं.

आता हर्कने केलं काय? त्या वेळच्या रेकॉर्डमध्ये एखादा तुकडा असायचा जिथे गाणारा थांबतो आणि नुसता ढोलकीचा... ड्रमचा ठेका चालतो, त्याला ब्रेक म्हणायचे. हर्कच्या लक्षात आलं की लोक त्याच तुकड्याची वाट बघतात आणि त्यातच खरे नाचतात. पण तो असतो काही सेकंदांचा. मग त्याने एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्ड घेतल्या, इकडचा ब्रेक संपला की तिकडचा लावायचा, तोवर इकडची सुई मागे घ्यायची. मी शिंप्याच्या भाषेत सांगतो, ताग्यातली वीतभर नक्षी आवडली, तर तेवढीच कापून जोडत जोडत अख्खा सदरा शिवला. आणि त्याच्या मागून ग्रँडमास्टर फ्लॅश नावाचा दुसरा डीजे आला, त्याने तर रेकॉर्डवर क्रेयॉनने खुणा केल्या, नेमकं कुठे कापायचं ते कळावं म्हणून. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा खुर्चीतून उठलो, म्हटलं हे तर आमचे बाबा खडूने करायचे! म्हणून माझं म्हणणं असं की हिप-हॉप म्हणजे अल्टरेशन. दुसऱ्याच्या मापाचं आयतं मिळालेलं घ्यायचं आणि स्वतःच्या अंगावर बसवायचं. हे आज पंचेचाळीस मिनिटांत सिद्ध करायचं ठरवलंय.

पण त्याआधी दुकानाचं सांगायला पाहिजे, त्याशिवाय कळणार नाही.

रास्ता पेठेत बाबांचं दुकान होतं, दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, एक पायमशीन, एक ओव्हरलॉकची, आणि पाटी 'येथे सर्व प्रकारचे अल्टर करून मिळेल'. नवीन शिवणकाम रेडिमेडने खाल्लं होतं, तेव्हा उंची कमी करणे, चेन बदलणे, रफू, यावर घर चालायचं. साधारण १९९९ साल, मी दहावीला. एक पोरगा आला, ताडीवाला रोडच्या बाजूचा, बारीक, कंबर असेल अठ्ठावीस, आणि त्याने जुन्या बाजारातून आणली होती अडतीसची जीन्स. जुना बाजार माहितीये ना, बुधवारी आणि रविवारी भरतो तो. पोरगा म्हणाला, काका, फक्त कंबर. खाली काही करू नका.

बाबांनी पँट हातात धरली, उलटी केली, पाय आतून बघितला. म्हणाले, अरे, यात दोन माणसं राहतील. पोरगा म्हणाला, राहू दे.

आता तुम्ही म्हणाल गिऱ्हाइकाने सांगितलं तसं करून द्यावं. पण आमचे बाबा पडले कारागीर माणूस, बेमाप कपडा दिसला की त्यांना झोप यायची नाही. आम्ही लग्नाला गेलो की जेवताना ते लोकांच्या कोटाचे खांदे बघत बसायचे आणि आईला हळूच सांगायचे, डावा उतरलाय. तर बाबांनी रात्री बसून ती पँट पूर्ण उसवली. सीट घेतली, मांडी घेतली, पाय खालपर्यंत निमुळता केला, उंची कापली, दोरा जीन्सला असतो तसा पिवळाच वापरला, आणि पैसे फक्त कंबरेचे लावायचे ठरवले. गरिबाचं पोर आहे, म्हणाले, जरा माणसात दिसेल.

शनिवारी पोरगा आला. पडद्यामागे जाऊन घालून बाहेर आला. पँट अशी बसली होती की कॅटलॉगमध्ये छापावी. आणि तो आरशासमोर उभा राहून रडायच्या बेतात. बाबांना कळेचना. ते त्याला विचारतायत, कुठे टोचतंय का? तो म्हणाला, काका, माप माझं आहे ना, मग मी सांगितलेलं का नाही ऐकलं?

बाबा गप्प. मी पहिल्यांदा त्यांना गिऱ्हाइकासमोर गप्प बघितलं.

आता अल्टरमधली अडचण अशी की उसवलेलं शिवता येतं पण कापलेलं परत येत नाही. बाबा कातरणं फेकत नसत, पण ते तुकडे पुरेनात. मग त्यांनी बाहेरच्या बाजूची टीप कंबरेपासून खालपर्यंत उसवली आणि दुसऱ्या एका पँटची, जरा गडद निळ्या रंगाची, चांगली चार बोटं रुंद पट्टी दोन्ही पायांना आत टाकली. उंचीला खाली तीच पट्टी. म्हणजे खरं सांगायचं तर ठिगळ होतं. बाबांना लाज वाटत होती, पैसे घेतले नाहीत. पोरगा ती घालून गेला. पुढच्या आठवड्यात चार पोरं दारात, काका, ती साइडची पट्टी टाकून देता का? त्या वर्षी दिवाळीपर्यंत बाबांनी किती पट्ट्या टाकल्या याची वहीच होती. शेजारचा दुकानदार विचारायचा, डिझाइन कुठून आणलं? बाबा म्हणायचे, चुकलो होतो एकदा.

बरं, मीसुद्धा एक शिवून घेतली, आणि बारावीत ती घालून गेलो तर कॉलेजच्या गेटवर मला थांबवलं. नाव घेत नाही, पुण्यातलं आहे, तुमच्यातले निम्मे तिथेच शिकले असतील. म्हणाले, हे कपडे सभ्य नाहीत. मी विचारलं, नक्की कुठे उघडं दिसतंय? अहो, माझ्या पँटमध्ये इतरांपेक्षा दुप्पट कापड होतं! त्यावर वडिलांना घेऊन ये म्हणाले. आणलं. तर सरांनी बाबांना विचारलं, असले कपडे कोण शिवतं हो? ...हो, हसा. बाबा पण हसले होते, गेटच्या बाहेर आल्यावर.

ही पहिली चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे'. पुण्यात वेळ पाळतात याचा मला अभिमान आहे, फक्त आज जरा कमी आहे. पटपट घेतो.

बाबांसारखाच एक माणूस न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये होता, डॅपर डॅन. १९८२ साली १२५व्या रस्त्यावर दुकान काढलं, चोवीस तास उघडं. आपल्याकडे एक ते चार बंद, तिकडे रात्री तीनला उघडं, कारण गिऱ्हाईकच तसलं, रॅपर, बॉक्सर, जुगारी. त्याने आधी गुची या महागड्या फॅशन कंपनीच्या बॅगा विकत घेऊन कापल्या आणि ते छापील कापड कपड्यांना लावलं. बॅगा पुरेनात तेव्हा स्वतःच चामड्यावर ते शिक्के छापायला शिकला. ज्या मोठ्या कंपन्या काळ्या पोरांसाठी काही बनवत नव्हत्या त्यांचंच नाव या पोरांच्या पाठीवर, तेही कंपनीने स्वप्नात बघितलं नसेल अशा मापाच्या जॅकेटवर. मग व्हायचं तेच झालं, खटले, धाडी, १९९२ ला दुकान बंद. फेंडी कंपनीच्या वकिलांत होत्या सोनिया सोटोमायोर, ज्या पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाल्या. आणि गंमत पुढे आहे. २०१७ मध्ये गुचीने एक जॅकेट आणलं, फुगीर बाह्यांचं, आणि लोकांनी ओळखलं की अरे, हे तर डॅपर डॅनने १९८९ साली धावपटू डायान डिक्सनसाठी शिवलेलं! इंटरनेटवर बोंब झाली, मग गुचीने त्याच्याबरोबर भागीदारी केली आणि हार्लेममध्ये त्याला नवीन दुकान थाटून दिलं. म्हणजे ज्याला नक्कल म्हणून बंद पाडलं त्याचीच नक्कल. बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, बाही कशी बसवली होती?

दुसरी चिठ्ठी. पाच.

बूट. १९८६, रन-डीएमसी नावाचा रॅपरांचा ग्रुप, आदिदासवर गाणं, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये प्रेक्षकांना सांगितलं बूट काढून वर धरा, हजारोंनी धरले, कंपनीचा माणूस बघत उभा, आणि त्यातून सुमारे १० लाख डॉलरचा करार झाला. पण ती पोरं बूट घालायची कसे, तर लेस न लावता, बुटाची जीभ बाहेर काढून. कंपनीने लेस दिली होती. यांनी काढली. अल्टर!

भिंती. टॅकी १८३ असं आपलं नाव गावभर लिहीत फिरणाऱ्या एका पोराची बातमी १९७१ मध्येच न्यूयॉर्क टाइम्सने छापली होती, १८३ हा त्याच्या रस्त्याचा नंबर. आपल्याकडे हे काम दादांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स करतात, फक्त गॉगल जास्त आणि रेषा कमी. आणि चित्रकार बास्किया, तो पण भिंतीवर लिहिणाऱ्यांतलाच, त्याचं १९८२ चं एक चित्र २०१७ मध्ये ११ कोटी ५ लाख डॉलरला गेलं. यावर माझ्या तीन स्लाइड होत्या, राहू द्या.

नाच, तर ब्रेकवर नाचायचे म्हणून ब्रेकिंग, २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये होतं. शब्द, तर रॅपर केंड्रिक लमारला २०१८ चं पुलित्झर, संगीताचं. हे मी पुढच्या रांगेसाठी सांगतोय, मागच्या रांगेला पुरस्काराची गरज नाही.

आणि तरुणाई, ज्यावर खरं तर अर्धा तास बोलायचं होतं. रॅपर एमसी स्टॅन आपल्या पुण्याचा, ताडीवाला रोडचा, २०२३ मध्ये बिग बॉस जिंकला तेव्हा घराघरात त्याच्या ऐंशी हजारांच्या बुटांची चर्चा. एवढे पैसे बुटात घालतात का, वगैरे. अहो, आपण लग्नात मुलीच्या अंगावर किती तोळे घालतो? ते काय फक्त गुंतवणूक म्हणून? चारचौघांत दिसावं म्हणूनच ना! त्या पोराचे बूट सगळ्यांनी बघितले, त्याची भाषा कुणी बघितली नाही. 'शेमडी' शब्द त्याने देशभर नेला, दिल्लीची पोरं एकमेकांना शेमडी म्हणतायत, आणि तो आपला शेंबडी आहे, आज्जीने नाक पुसताना वापरलेला. त्यातला अनुस्वार उसवला, ब कापला, झाला तयार. पुण्याची हिंदी ज्यांना अशुद्ध वाटते त्यांनी

हो, हो, बघितली. तिसरी चिठ्ठी. हॉलला कुलूप लावायचंय म्हणतायत.

प्रश्नोत्तरं बाहेर पायऱ्यांवर घेऊ. फक्त हे एक आणलंय ते दाखवतो. ही गोधडी. सगळे जीन्स आखूड करून नेतात, पण खालचा कापलेला भाग कुणी मागत नाही, बाबा ते साठवायचे, आज्जीने जोडले. इथे कडेला बघा, हे वीतभर गडद निळं, ही त्या पोराच्या पट्टीची उरलेली बाजू. हात लावून बघा, चालेल, फार जड आहे, थंडीत एक पुरते. जाताना टेबलावरच ठेवा मात्र, घरून मोजून दिलीय.