चार पंजे आणि एक बोट

नमस्कार श्रोतेहो.

१८६१ सालचा एप्रिल महिना. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात शल्यचिकित्सक पॉल ब्रोका लेबोर्न्य नावाच्या ५१ वर्षांच्या रुग्णाला तपासत होते. काहीही विचारलं तरी या माणसाच्या तोंडून एकच बोल निघे, 'तां, तां'. उजवं अंग लुळं पडलेलं. ब्रोकांनी विचारलं, इथं किती वर्षं झाली? त्यानं डाव्या हाताचा पंजा चार वेळा उघडला आणि वर एक बोट दाखवलं. एकवीस. उत्तर अचूक होतं.

काही दिवसांतच तो गेला. शवविच्छेदनात मेंदूच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात इजा आढळली. तो भाग आज ब्रोकांच्या नावानं ओळखला जातो. मला मात्र ती बोटं विसरता येत नाहीत. बोलणं गेलं होतं. पण प्रश्न कळत होता, वर्षांची मोजदाद शाबूत होती आणि सांगायची ओढही होती.

त्याचा मेंदू जपून ठेवलेला आहे. त्याच्या एमआरआय तपासणीचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. इजा ब्रोकांना वाटली त्यापेक्षा खोल होती. वेगवेगळ्या भागांना जोडणाऱ्या तंतूंनाही तिची झळ पोचली होती. म्हणजे बोलण्याचं काम एकट्या ठिपक्याचं नाही. आणि ते निव्वळ तोंडाचंही नाही. खुणांची भाषा वापरणाऱ्या कर्णबधिर माणसाच्या डाव्या मेंदूला इजा झाली, तर हात धड असूनही त्याच्या खुणा अडखळतात, चुकतात.

आपल्या साध्या गप्पाच घ्या. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. समोरचं चित्र पाहून त्याचं नाव उच्चारायला मात्र अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ जातो! समोरचा बोलत असतानाच आपला मेंदू उत्तर जुळवत असतो, म्हणून हे जमतं.

या वेगाची आपल्याला इतकी सवय असते, की पक्षाघातानंतर वाचाघात झालेल्या, म्हणजे मेंदूतल्या इजेनं बोलणं अडलेल्या, माणसाशी बोलताना छोटीशी शांतताही आपल्याला सहन होत नाही. आपण त्याचं वाक्य पुरं करतो, आवाज चढवतो. अहो, बहुतेकदा त्यांचे कान ठीक असतात. थांबा. 'हो-नाही'त उत्तर देता येईल असं विचारा. कागद-पेन्सिल पुढे करा. बोलता न येणारे काहीजण ओळखीचं गाणं शब्दांसकट म्हणतात, तेही म्हणून पाहा. आणि तोंडून 'तां' एवढंच आलं, तर त्यांच्या हाताकडे बघा.