हिरवा अ‍ॅपोफिलाइट ओळखायचा कसा

नमस्कार मंडळी! आज एका हिरव्या दगडाबद्दल बोलूया, आणि तो आपल्या पुण्याचाच आहे बरं का. पुण्यातल्या पाषाण भागातल्या दगडखाणींत निघालेला हिरवा अ‍ॅपोफिलाइट म्हटलं की परदेशातल्या कलेक्टर लोकांचे डोळे चमकतात, आणि आपल्याकडे मात्र असा किती माल क्रशरमध्ये जाऊन खडी झाला असेल देव जाणे.

साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला, तो थंड होताना वायूचे बुडबुडे आतच अडकून पोकळ्या राहिल्या, मग नंतर त्यांतून गरम पाणी झिरपत राहिलं आणि त्यात विरघळलेल्या सिलिका, कॅल्शियम, पोटॅशियमचे स्फटिक तिथे हळूहळू वाढले. अ‍ॅपोफिलाइट एरवी पांढरा नाहीतर बिनरंगाचा असतो, हिरवा होतो तो व्हॅनेडियम या धातूमुळे, तेही अगदी चिमूटभर!

आता ओळख. स्फटिक चौकोनी खांबासारखा, डोकं कधी सपाट कधी टोकदार. पटकन बघितलं तर क्यूबच वाटतो, पण उजेडात धरून जरा फिरवा. बाजू काचेसारख्या चकचकीत, त्यांवर बारीक उभ्या रेघा, आणि वरचा सपाट भाग मात्र मोत्यासारखा दुधी चमकतो. ही दोन तऱ्हेची चमक दिसली की माझ्या मते निम्मं काम झालंच. फुटतोही आडवा, पापुद्रे निघाल्यासारखा. काठिण्य (कडकपणाच्या १ ते १० अशा मोह्स मापावर) साडेचार ते पाच, म्हणजे स्टीलच्या सुरीच्या टोकाने ओरखडा उठतो, पण हा प्रयोग तुटक्या तुकड्यावर करा हं, चांगल्या नगावर नको.

फ्लोराइट हे खनिजही हिरवं असतं, पण ते चार दिशांनी फुटतं. मुंबईत मालाडकडे मिळालेला प्रेहनाइट फिक्कट हिरवा, गोल गोल गुठळ्यांचा, त्यावर सुरी चालत नाही. पोकळीच्या भिंतीला जो गडद हिरवा मातकट थर दिसतो तो सेलॅडोनाइट, त्याला हे असे मोठे स्फटिक नसतात. आणि यातला कुठला दगड कुठलं चक्र उघडतो ते प्लीज मला विचारू नका 😄

एक मात्र सांगतो, अ‍ॅपोफिलाइटवर कॅल्साइट (चुनखडीतलं खनिज) चिकटलेला असेल तर लोक सरळ अ‍ॅसिडमध्ये बुडवतात, तसं करू नका, हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडने अ‍ॅपोफिलाइटचीही वाट लागते. तापवायचाही नाही, आतलं पाणी निघून गेलं की पापुद्रे सुटतात. मऊ ब्रश आणि साधं पाणी, बास.