शंकरपट: तुतारी घरी, जोडी पटावर

नमस्कार, शेतकरी बंधू-भगिनींनो. कापूस वेचून झाला, तुरी निघाल्या, की गावोगाव शंकरपटाची, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीची, बोलणी सुरू होतात. तेव्हा आज पटावरच्या बंदीबद्दल आणि परवानगीबद्दल.

7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या. मग आला 2016 चा जानेवारी. तो महिना विसरण्यासारखा नाही. 7 तारखेला, गुरुवारी, केंद्राची अधिसूचना निघाली. शर्यतीला मोकळीक, धावपट्टी 2 किलोमीटरच्या आत. संक्रांत होती 15 ला. हातात आठवडा. आणि पट म्हणजे रान वखरायचं, गोटे वेचायचे, काळ्या मातीच्या भेगा बुजवायच्या; भेग राहिली तर धावत्या बैलाचा खूर त्यात अडकतो आणि पाय मोडतो. पट्टीच्या शेवटी जोडी थांबायला मोकळं रानही सोडावं लागतं. हे सारं आठवड्यात! आणि मंगळवारी, 12 तारखेला, सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली. गुरुवारी मिळालेली मोकळीक मंगळवारी गेली. पाच दिवस, बंधूंनो, फक्त पाच दिवस. पुढं पट उघडायला 16 डिसेंबर 2021 उजाडलं. शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा 2017 चा कायदा तेव्हा लागू झाला, आणि 18 मे 2023 ला घटनापीठानं तो कायम केला.

आता नियम. जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज पंधरा दिवस आधी. पुन्हा सांगतो, पंधरा दिवस आधी. अनामत 50 हजार, पट्टी 1000 मीटरच्या आत, बैलाला पशुवैद्यकाचा दाखला, धावण्याआधी 20 मिनिटं विसावा, दिवसात तीनच फेऱ्या.

    

 तुतारी, म्हणजे बैल हाकायची, टोकाला आर (अणकुचीदार खिळा) लावलेली काठी, पटावर न्यायचीच नाही. आर उपटून नुसती काठी नेली तरी चालत नाही. शेपूट पिरगाळणं, चावणं, तेही बंद. धुरकऱ्याला, म्हणजे जोडी हाकणाऱ्याला, हे जोडी जुंपण्याआधी सांगा, कारण चुरस वाढली की हात आपोआप शेपटीकडे जातो. सगळ्या पटाचं चित्रीकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावं लागतं, आणि त्यात आर टोचलेली दिसली तर अनामत तर जातेच, कायद्यात 5 लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैदही आहे.