म्हाताऱ्या माशीचा श्वास कसा मोजतात?

[दृश्य: काचेच्या नळीत फिरणाऱ्या माश्या]

ही ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर. बागांचं नुकसान करणारी फळमाशी वेगळी. ही आंबलेल्या फळांवर घोंघावते, वजन जेमतेम १ मिलिग्रॅम. २५ अंश सेल्सिअसला ती दोन-अडीच महिने जगते. १८ अंशांना आयुष्य लांबतं, २९ अंशांना आटतं. म्हणून तापमान आधी ठरवायचं, मग वयाची गोष्ट.

एका नळीत २०-२५ माश्या, नर आणि माद्या वेगवेगळ्या. दर दोन-तीन दिवसांनी ताजं खाद्य. यात ढिलाई झाली, तर म्हाताऱ्या माश्या चिकट खाद्यात अडकून मरतात आणि तो मृत्यू वयाच्या खात्यावर लागतो.

[दृश्य: श्वसनमापक]

पिपेटच्या प्लास्टिक टोकाला ५० मायक्रोलिटरची केशनलिका चिकटवलेली आहे. आत स्पंजच्या दोन तुकड्यांमध्ये सोडा लाइम, त्यावर ३ ते ५ माश्या, आणि वरचं तोंड घट्ट बंद. माश्या प्राणवायू घेतात. त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड सोडा लाइम शोषतं. आतली हवा कमी होते, तसं नलिकेचं खालचं टोक ज्यात बुडवलेलं असतं ते रंगीत पाणी नलिकेत वर चढतं. ही उंची गुणिले नलिकेच्या छेदाचं क्षेत्रफळ, म्हणजे खर्च झालेला प्राणवायू. शेजारी बिनमाश्यांची नळी हवीच. तापमान जरा हललं तरी हवा फुगते किंवा आकसते. तो फरक तिच्यावरून वजा करायचा. पाणी चढतच नसेल, तर आधी चिकटवलेला सांधा तपासा.

म्हाताऱ्या माश्यांचा आकडा कमी आला, म्हणून चयापचय मंदावला असं लगेच म्हणता येत नाही. त्या हालचालच कमी करतात. माद्यांची अंडी घटतात, वजन बदलतं. त्यामुळे प्रति माशी आणि प्रति मिलिग्रॅम असे दोन्ही हिशेब ठेवावेत, हालचालीची नोंदही. पेशींच्या आत मात्र बदल खराच असतो: उडण्याच्या स्नायूंतल्या मायटोकॉन्ड्रियांची, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांची, प्राणवायू वापरणारी इलेक्ट्रॉन साखळी दुबळी होते, विशेषतः तिच्यातलं सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम).

[दृश्य: निळी पडलेली माशी]

सर्वात मोठा घोटाळा सरासरीत होतो. वयानुसार आतड्यातल्या मूळपेशी बेसुमार विभागू लागतात, आतड्याची भिंत गळू लागते. खाद्यात निळा रंग मिसळला, की धडधाकट माशीत तो आतड्यातच राहतो. गळक्या माशीचं अख्खं अंग निळं होतं. एकाच दिवशी जन्मलेल्या माश्यांत दोन्ही प्रकार सापडतात. निळ्या माशीत चरबी आणि ग्लायकोजेन (साखरेचा साठा), दोन्ही साठे घटलेले असतात आणि ती लवकरच मरते.

म्हणून चरबी मोजण्याआधी निळ्या माश्या वेगळ्या काढा. नमुना लगेच गोठवा, आणि माश्या वाटून बारीक केल्याबरोबर ७० अंशांवर तापवा. नाहीतर माशीचीच विकरं चरबी तोडत राहतात आणि आकडा खोटा पडतो.