उशी गुडघ्याखाली नको, टाचेखाली हवी

(सांगलीत ज्येष्ठ नागरिकांसमोर एका फिजिओथेरपिस्टने दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. आधीच एक सांगून टाकते. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या बंद करा, असं मी आज सांगणार नाही. गुडघा बदलायच्या ऑपरेशननंतरचे पहिले काही दिवस त्या वेळेवर घ्यायच्याच. मी बोलणार आहे ते गोळीच्या जोडीला घरच्या घरी काय करता येतं, त्याबद्दल. आणि दुखणं शून्यावर आणायच्या मागे लागू नका. चालता आलं, व्यायाम करता आला, रात्री डोळा लागला, इतकं ते खाली आलं की काम झालं.

येत्या काही महिन्यांत ज्यांना गुडघे बदलायचेत त्यांनी जरा हात वर करा बघू. बरेच आहात की! वॉनलेस डॉक्टरांनी 1894 साली मिरजेत इस्पितळ काढलं, तेव्हापासून लांबलांबून लोक तिथं उपचाराला येतात. आपल्याला तर ते दाराशीच. पण तारीख मिळाली की माणसं काय करतात? खुर्चीत बसून राहतात. ‘आता बदलायचाच आहे गुडघा, मग कशाला त्याला त्रास?’ इथंच गणित चुकतं. डॉक्टर सांधा नवा बसवतात, पण तो उचलायचा तुमच्याच मांडीच्या स्नायूने. ऑपरेशननंतर पहिल्या महिन्यात या स्नायूची ताकद निम्म्यापर्यंत उतरते. आधीच बसून बसून तो सुकलेला असेल तर मागे उरतंय काय?

म्हणून आजपासून एक करा. पलंगावर पाय लांब करून बसा. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवा आणि गुडघ्याने ती खाली दाबा. मांडीवर हात ठेवून बघा, स्नायू दगडासारखा घट्ट लागला पाहिजे. पाच आकडे मोजा, सोडा. दहा वेळा, दिवसातून तीनदा. झालं की गुंडाळी काढून ठेवा, ती का ते पुढे सांगते. या व्यायामाने ऑपरेशननंतर दुखतच नाही असं मी म्हणणार नाही, अभ्यासही तसं म्हणत नाहीत. पण आत्ताचं दुखणं कमी होतं आणि नंतर वॉकर धरून उभं राहताना पाय लटपटत नाहीत.

काठीचंही तसंच. उजवा गुडघा दुखतो तर काठी डाव्या हातात. इथं बसलेल्यांपैकी कितीतरी जणांनी आत्ता दुखऱ्या बाजूलाच धरलीय, मला दिसतंय! हात बदलून चार पावलं टाका, फरक लगेच कळेल. आणि वजन. एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो. यावर जास्त बोलत नाही, सगळ्यांना माहीत असतं आणि कुणालाच ऐकायचं नसतं.

आता ऑपरेशन झालं, घरी आलात. पाय ठणकतोय, सुजलाय. घरातलं कुणीतरी मायेने गुडघ्याखाली उशी सरकवतं. लगेच बरं वाटतं, आणि तेच नडतं. गुडघा थोडा वाकलेला ठेवला की दुखत नाही, म्हणून तो तसाच राहायला बघतो. तीन-चार आठवडे असे गेले की मागचे स्नायू आखडतात, पाय पुरता सरळ होत नाही, माणूस लंगडायला लागतो, आणि लंगडल्यामुळे पुन्हा दुखतं. उशी ठेवायची ती टाचेखाली आणि पोटरीच्या खालच्या भागाखाली. गुडघ्याखाली मोकळी जागा राहू दे. सुरुवातीला ताण बसेल, पाच-पाच मिनिटं ठेवा. सूज उतरण्यासाठी आडवं पडून पाय छातीपेक्षा उंच घ्या, आणि दर तासाला पाऊल वरखाली हलवत राहा.

ऑपरेशनआधी आखडलेल्या गुडघ्याला गरम शेक चालतो. नंतर, ताज्या सुजेवर, थंड. बर्फ प्लास्टिकच्या पिशवीत घालून ओल्या पंचात गुंडाळा. फ्रीजरमधलं मटारचं पाकीटही चालतं, गुडघ्यावर छान बसतं. वीस मिनिटांच्या वर नको. जखमेच्या बाहेरच्या बाजूला बऱ्याच जणांची कातडी बधिर झालेली असते, ते नेहमीचंच आहे. पण तिथं बर्फाने इजा झाली तरी कळत नाही. म्हणून मध्येच पंचा उचलून बघत जा. ड्रेसिंग मात्र कोरडंच राहिलं पाहिजे. आणि क्रम लक्षात ठेवा: गोळी, अर्ध्या-पाऊण तासाने व्यायाम, त्यानंतर बर्फ. रिकाम्या वेळी गोळी घेऊन झोपायचं आणि तिचा जोर ओसरल्यावर व्यायामाला बसायचं, म्हणजे गोळीही वाया आणि व्यायामही.

टेन्स नावाचं छोटं यंत्र तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. कातडीला चिकटपट्ट्या लावायच्या, सौम्य मुंग्या येतात. 1965 साली मेल्झॅक आणि वॉल या दोघांनी मांडलं, की दुखण्याचा निरोप मेंदूकडे जाताना मणक्यातल्या मज्जारज्जूत एक फाटक लागतं, आणि स्पर्शाचे निरोप गर्दी करून आले की ते फाटक थोडं मिटतं. कोपर आपटल्यावर आपण चोळतो ते याचमुळे. टेन्सचं कामही त्याच विचारावर चालतं. पेसमेकर असेल तर ते लावायचं नाही, आणि जखमेवर तर नाहीच.

गाणं ऐका, हे मी गंमत म्हणून सांगत नाही. 2015 साली लॅन्सेटमध्ये बऱ्याच चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. ऑपरेशनच्या आधी, दरम्यान किंवा नंतर गाणं ऐकलेल्या रुग्णांचं दुखणं आणि धास्ती कमी होती, वेदनाशामकंही कमी लागली. मिरजेत तंबोरे जुळतात, अब्दुल करीम खाँसाहेब तिथं राहिले, आणि आपले पेशंट मात्र वॉर्डात बातम्यांचा आरडाओरडा लावून पडतात! अभंग लावा, नाट्यगीत लावा, आवडीचं काहीही. त्याच्या लयीत श्वास सावकाश सोडत राहा.

एक गोष्ट मात्र थांबून ऐका. पोटरी अचानक दुखायला लागली, घट्ट झाली, लाल किंवा गरम लागली, तर चोळायची नाही. मालिशवाल्या मावशींना बोलवायचं नाही. आत रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. धाप लागली, छातीत दुखलं, तर फोन करत बसू नका, थेट इस्पितळ गाठा. जखमेतून पाणी येणं आणि ताप, हेही अंगावर काढायचं नाही.

(श्रोत्यांतून एका आजींनी विचारलं: हळदीचा लेप लावला तर?)

आजी, सांगलीत हा प्रश्न येणारच! धडधाकट कातडीवर लेप लावलात तर बिघडत नाही. पण ऑपरेशनची तारीख जवळ आली की थांबवा. लेपाने पुरळ उठलं किंवा खाजवून ओरखडा पडला, तर डॉक्टर ऑपरेशन पुढे ढकलू शकतात. टाक्यांवर तर अजिबात नाही. आणि हळदीच्या कॅप्सूल घेत असाल तर तेही डॉक्टरांना आधी सांगा, रक्त पातळ करणाऱ्या औषधांच्या जोडीला त्या नडू शकतात. आमटीत घालता तेवढी हळद घाला की, त्याला माझी काही हरकत नाही.