घोट्यामागची नस आणि लघवीची पिशवी

नमस्कार श्रोतेहो.

मज्जारज्जूला इजा झाली की लुळे पडलेले पाय सगळ्यांना दिसतात. लघवीच्या पिशवीचं, म्हणजे मूत्राशयाचं, बिनसलेलं बाहेरून कुणाला दिसत नाही. थोडीशी भरली की ती आपोआप आवळते, आणि नेमक्या त्याच वेळी खालचा झडपेचा स्नायू सैल पडायचा सोडून घट्ट मिटतो. आतला दाब वाढत जातो आणि किडन्यांना सोसावं लागतं.

विजेच्या सौम्य लहरींनी ही पिशवी शांत करता येते. आतल्या घोट्यामागून टिबियल नावाची नस जाते. तिचे काही तंतू मज्जारज्जूच्या ज्या खालच्या टोकात शिरतात, तिथूनच पिशवीचाही कारभार चालतो. करंट देणाऱ्या मशीनचा एक चिकट पॅच घोट्याच्या मागे लावायचा, दुसरा त्याच रेषेत सुमारे 10 सेंटिमीटर वर. मशीन बहुधा 10 किंवा 20 हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला तितक्या लहरींवर लावतात, प्रत्येक लहर 200 मायक्रोसेकंदांची, आणि बैठक 30 मिनिटांची. आकडे तुमच्या डॉक्टरांनी किंवा फिजिओथेरपिस्टनी ठरवून दिलेलेच वापरा.

आता नजर पायाच्या अंगठ्यावर ठेवा. करंट हळूहळू वाढवत नेला की अंगठा खाली वळतो किंवा बोटं पसरतात. मग करंट किंचित कमी करायचा. पायाला संवेदना नसेल तर नस सापडल्याची खूण हीच. अंगठा हललाच नाही तर करंट वाढवत सुटू नका. आधी पॅच सुकलाय का पाहा, मग तो अर्धा सेंटिमीटर सरकवा. सुकलेल्या पॅचमुळे करंट एकाच ठिकाणी एकवटतो, त्वचा भाजते आणि ते कळतही नाही. म्हणून पॅच काढल्यावर त्वचा दर वेळी डोळ्यांनी तपासा. हृदयात पेसमेकर असेल किंवा गर्भारपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मशीन लावूच नका.

गुण यायला आठवडे लागतात. गळती कमी झाली की कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, घालणं लांबणीवर टाकायचा मोह होतो, आणि घात होतो तो तिथेच. या उपचाराने पिशवी शांत होते, रिकामी होत नाही. दिवसातून 4 ते 6 वेळा कॅथेटर, एका वेळी 500 मिलिलिटरच्या आत लघवी, हा नेम तसाच चालू राहिला पाहिजे. प्रत्येक वेळचं माप वहीत लिहा.

विजेने पिशवी रिकामी करण्याचा मार्ग वेगळा आहे. तो लंडनमध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ जाइल्स ब्रिंडली यांनी 1970च्या दशकात काढला. त्यात शस्त्रक्रिया करून पिशवीकडे जाणाऱ्या नसांच्या मुळांवर इलेक्ट्रोड, म्हणजे करंट देणारी टोकं, बसवतात. करंट काही सेकंद देऊन थांबवतात. झडप लगेच सैलावते, पिशवी मात्र सावकाश, आणि त्या फटीत लघवी वाहते. पण बहुधा सोबत नसांची मागची, संवेदना नेणारी मुळं कापावी लागतात आणि पुरुषांमध्ये आपोआप येणारी ताठरता कायमची जाते. होकार देण्याआधी हे स्पष्ट विचारून घ्या.

इजा छातीच्या सहाव्या मणक्यापाशी किंवा त्याच्या वर असेल, आणि मशीन चालू असताना डोकं ठणकू लागलं, चेहरा घामाने डबडबला, तर ती रक्तदाब एकदम चढल्याची खूण असू शकते. मशीन ताबडतोब बंद करा. रुग्णाला ताठ बसवा, कपडे सैल करा, कॅथेटर लावलेला असेल तर त्याची नळी कुठे मुडपली आहे का पाहा, मूत्राशय भरलं असेल तर रिकामं करा आणि रक्तदाब मोजा. तो उतरत नसेल तर लगेच दवाखाना गाठा.