सांगली ते न्यूयॉर्क: अंतर किती, वेळ किती

(दृश्य: सांगलीतलं घर, संध्याकाळ. काट्याला लटकवलेली बॅग.)

काटा साडेतेवीसवर थांबतो. मर्यादा 23 किलोची. मग भडंगाचा एक पुडा बाहेर निघतो. हळद आणि बेदाणे राहतात. आई-बाबा लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेत.

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे 12,500 किलोमीटर. ताशी 900 चा वेग धरला तर चौदा तास पुरायला हवेत. पण थेट विमानालाही पंधरा-सोळा तास लागतात.

(दृश्य: शाळेतला पृथ्वीगोल, त्यावर ताणलेला दोरा.)

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली, तर रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिकवरून जाते. गोलावर दोरा ताणून बघा. तो थेट उत्तरेकडे चढतो: मध्य आशिया, रशिया, नॉर्वे, पार 65 अक्षांशाजवळ. तिथून ग्रीनलंडच्या दक्षिण टोकावरून कॅनडात उतरतो. सगळ्यात जवळची वाट हीच, आणि 12,500 हा आकडा याच दोऱ्याचा. प्रत्येक शाळेत हा दोरा मुलांच्या हातात द्यायला हवा.

विमानाला मात्र दोरा धरून जाता येत नाही. कुठे युद्ध, कुठे बंद हद्द. 24 एप्रिल 2025 ला पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, आणि पश्चिमेकडे जाणाऱ्या आपल्या विमानांना वळसा पडला. त्यात वारा. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे झोत ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरचे, कधी त्याहून जोरदार. जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. म्हणून येतानाचा प्रवास बहुधा तासभर तरी लवकर उरकतो.

(दृश्य: रात्र. पेठ नाका, महामार्गावर ट्रॅव्हल्सची गाडी.)

हा सगळा हिशोब मुंबईपासूनचा. सांगलीहून प्रवासी विमान नाही. जवळचा विमानतळ कोल्हापूरचा, उजळाईवाडीला. बहुतेक माणसं गाडीनेच निघतात. पेठ नाका, कराड, सातारा, खंबाटकी, पुणे. चारशेच्या आत-बाहेर किलोमीटर आणि सात-आठ तास. विमानतळावर आणखी तीन तास आधी हजर राहायचं. म्हणजे विमान उडायच्या आधीच दहा-अकरा तास गेलेले. साठी उलटलेल्या माणसाला हेच जास्त थकवतं, आणि तिकिटावर त्याचा उल्लेखही नसतो.

तिकिटावरच्या वेळाही नीट वाचायला हव्यात. समजा, उन्हाळ्यात मुंबईहून रात्री 2 ला निघालात आणि सोळा तास उडालात, तर न्यूयॉर्कला त्याच तारखेला सकाळी 8.30 वाजता उतराल. वाचताना साडेसहाच तास वाटतात, कारण तिथलं घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे असतं; हिवाळ्यात साडेदहा. परतताना उलट. दुपारी 12 ला निघून पंधरा तास उडालं, की मुंबईत दुसऱ्या दिवशी दुपारचे साडेबारा. सांगलीची गाडी ठरवताना तारीख हीच धरायची.